रोजच्या जगण्यातली ममता: मंडळीतून वारंवार येणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून हे प्रश्न सतत येत असतात. कधी उपासनेनंतर, कधी महिला मंडळात, कधी तरुण संघाच्या शिबिरात, आणि आता व्हॉट्सॲपवर. विचारणाऱ्यांची ओळख काढून टाकली आहे, पण प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ममता म्हणजे नक्की काय? गोड बोलणं आणि शांत स्वभाव, हेच ना?

नाही. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल आत्म्याच्या फळाची यादी देतो: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, आणि त्यापाठोपाठ ममता. ती जन्मजात स्वभावाची गोष्ट असती, तर सगळ्याच विश्वासणाऱ्यांकडून तिची अपेक्षा ठेवता आली नसती. तापट माणसातही ती वाढते, आणि गोडबोल्या माणसाकडे ती औषधालाही नसू शकते.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्या लोकांतला, माणूस पुन्हा एकदा वाचा. वाटेत पडलेल्या जखमी माणसाशी तो काय बोलला, याबद्दल तिथे एक शब्दही नाही. त्यानं काय केलं ते मात्र बारकाईनं लिहिलं आहे. तो जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं आणि तिथे त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी निघताना उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. त्या काळच्या मजुराची ती दोन दिवसांची मजुरी. वर आणखी खर्च झाला तर परत येताना देतो असं सांगून गेला. दुसऱ्याची गरज ओळखायची, त्याला ओशाळवाणं न करता ती भागवायची आणि त्यासाठी आपल्याला जे पडेल ते सोसायचं, याला आम्ही ममता म्हणतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावर उभी आहेत. ज्याच्यावर आपली सत्ता चालते, त्याच्याशी आपण कसे वागतो, तिथे ममता कळते. साहेबापुढे सगळेच नम्र असतात. मोलकरीण, शेतमजूर, सून, हाताखालचा पोऱ्या, आजारी सासू यांच्यापुढे आपण कोण असतो, ते पाहायचं.

२. आमचे हिंदू-मुसलमान शेजारीही दयाळू आहेत. मग ख्रिस्ती ममतेत वेगळं काय?

शेजारी दयाळू आहेत, हे मोकळ्या मनानं मान्य करा. शास्त्रही ते मान्य करतं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २८ पाहा. पौलाचं जहाज फुटलं, भर पावसात आणि थंडीत तो माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या लोकांनी ख्रिस्ताचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ घेतलं, आणि लूकनं त्यांच्या दयाळूपणाची आवर्जून नोंद केली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या दिवसांत हातात आलेली भाकरी कुणाच्या घरची, असं कुणी विचारलं नव्हतं.

वेगळेपण दोन ठिकाणी आहे. पहिलं, आपली ममता हे उत्तर आहे. देवानं आपल्यावर आधी दया केली, तीही आपली लायकी न पाहता. तीताला लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हे स्पष्ट सांगितलं आहे. त्यामुळे पुण्य जोडायला म्हणून आपण मदत करत नाही. दुसरं, तिची हद्द. लूक ६:३५ मध्ये येशू सांगतो की परात्पर देव कृतघ्न आणि दुष्ट लोकांवरही उपकार करतो. आपल्याला तिथवर जायचं आहे, आणि तेच जड जातं (प्रश्न १२ आणि १३).

रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं म्हणत. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्यांनाही होती. शेजाऱ्याचा चांगुलपणा मान्य केल्यानं आपला विश्वास उणा होत नाही, हे आपल्याच भागात शंभर वर्षांपूर्वी दिसलं आहे.

३. सुरुवात कुठून करू? सेवाकार्यात नाव नोंदवू का?

जरूर नोंदवा, पण आधी स्वयंपाकघरातलं फडताळ उघडा. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवलेला असेल, तर आज तो बाकीच्या कपांत मिसळून टाका. आपल्या घरांतही हे चालतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून इथे उघड लिहितो. ज्यांचे आजोबा-पणजोबा गावाबाहेरच्या वस्तीतून ख्रिस्ताकडे आले, त्यांच्या घरात तरी असा कप असता कामा नये. याकोबानं दुसऱ्या अध्यायात चांगल्या कपड्यातल्या माणसाला खुर्ची देऊन गरिबाला पायाशी बसवणाऱ्यांना खडसावलं आहे. वेगळा कप हे त्याच जातीचं पाप.

त्यानंतर मावशींची आठवड्याची सुट्टी, आजारपणात पैसे न कापणं, आणि त्यांना नावानं किंवा नात्यानं हाक मारणं. सेवाकार्य त्याच्या पुढे.

४. यंदा द्राक्षाला दर नाही. मजुरांची मजुरी दहा-पंधरा दिवस थांबवली तर काय बिघडलं? आमचेही पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेत.

तुमची अडचण खरी आहे. तासगाव आणि मिरज पूर्व भागातल्या बागायतदाराला छाटणी, विरळणी, औषध फवारणी यांचा खर्च आधी करावा लागतो आणि पैसा शेवटी येतो. व्यापारी माल नेऊन गायब झाला, तर वर्ष बुडतं. तरीही उत्तर नकाराचंच आहे.

अनुवाद २४:१४-१५ मध्ये आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. त्याच वचनात तो मजूर आपल्या भाऊबंदांपैकी असो की परका, असं म्हटलं आहे. आपल्याकडे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पगार करायची रीत आहे. तो दिवस चुकला की त्या घरात तेल-मीठ येत नाही, किंवा दुकानात उधारी चढते. व्यापाऱ्याची थकबाकी तुम्ही सहा महिने सोसू शकता. ती बाई सहा दिवस सोसू शकत नाही. हा भार कुणी उचलायचा, एवढाच प्रश्न आहे, आणि शास्त्र तो मालकाच्या खांद्यावर ठेवतं.

मजुरी वेळेवर देण्याला ममता म्हणायचं कारण नाही, ते देणंच आहे. ममता त्याच्या पुढे सुरू होते. लेवीय १९ मध्ये शेताच्या कडा कापू नयेत आणि द्राक्षमळ्यात गळून पडलेले मणी गोळा करू नयेत, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावेत, असं आहे. रूथच्या पुस्तकातल्या बवाज या शेतमालकानं याहून एक पाऊल पुढे टाकलं. रूथ ही परकी विधवा सरवा वेचायला आली, तेव्हा त्यानं गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम थोड्या ओंब्या गाळा आणि तिला धमकावू नका. रूथला हात पसरावा लागला नाही. तिनं आपल्या कष्टानं वेचलं आणि संध्याकाळी आपली म्हणून घरी नेलं. काढणी झाल्यावर वेलीवर राहिलेले घड मजुरांच्या पोरांनी तोडले, तर राखणदाराला काय सांगून ठेवायचं, ते यावरून ठरवा.

५. ऊसतोडीची टोळी खुशाली मागते, नाही दिली तर ऊस वाळवत ठेवते. अशांशी कसली ममता?

ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, ती एकमेकांत मिसळू देऊ नका.

खुशाली म्हणून टोळीनं आणि एन्ट्री म्हणून वाहनचालकानं मागितलेल्या जादा पैशांचा त्रास शेतकऱ्याला होतो. त्याची तक्रार कारखान्याच्या शेतकी विभागाकडे करा, चिटबॉयशी, म्हणजे फडावर येणाऱ्या कारखान्याच्या माणसाशी, बोला, ठाम राहा. अन्याय सहन करणं हे ममतेचं लक्षण नाही.

पण दिवाळीच्या आसपास बीडकडून आलेली ती कुटुंबं आपल्या फडाशेजारी पालं ठोकून पाच-सहा महिने राहतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना परतायची सोय नसते. बाया पहाटे अंधारात कोयता घेऊन निघतात, लहान पोरं पाचटावर झोपलेली असतात. पिण्याचं पाणी, अंघोळीला आडोसा, रात्री एक दिवा, ताप आला तर दवाखान्यापर्यंत गाडी, एवढं तुमच्या हातात असतं. टोळीच्या म्होरक्यानं पैसे मागितले, म्हणून तिथल्या बाळंतिणीला विहिरीवरून हाकलायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? लेवीय १९:३४ मध्ये परक्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगितलं आहे आणि कारणही दिलं आहे: तुम्हीही मिसर देशात परके होता. आपल्यातल्या कितीतरी घरांनी दुष्काळात गाव सोडून मुंबई-पुणे गाठलं होतं.

६. जनावरांच्या बाबतीतही हे लागू होतं का?

होतं. नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असं आहे. पेलणार नाही एवढा ऊस गाडीत भरून बैलांना पराणी टोचणं याच्या विरुद्ध जातं.

७. हायवेला अपघात दिसला तर थांबावंसं वाटतं, पण पोलिसांच्या फेऱ्यात अडकायची भीती वाटते. काय करू?

थांबा. पुणे-बंगळूर महामार्गावर खंबाटकी घाटापासून कराडच्या पुढेपर्यंत हा प्रसंग कुणावरही येऊ शकतो. शोमरोन्याच्या गोष्टीत त्याच्या आधी त्या वाटेनं गेलेले याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) दुष्ट होते असं तिथे लिहिलेलं नाही. ते बाजूनं निघून गेले, एवढंच लिहिलं आहे. भीती त्यांनाही वाटली असेल.

तुमच्या भीतीला मात्र आता फारसा आधार उरलेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूनं, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला ते संरक्षण देतं. मदत करताना काही राहून गेलं, तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलिसांना किंवा रुग्णालयाला करता येत नाही, आणि साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवता. या मदतनीसाचं कायद्यातलं नावसुद्धा, ‘गुड समॅरिटन’ म्हणजे चांगला शोमरोनी, त्याच गोष्टीतून आलं आहे.

१०८ ला फोन करा. मान किंवा पाठ दुखावली असेल असं वाटलं, तर जखमीला ओढून उचलू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळ बसा.

८. चुलतभाऊ सारखे उसने पैसे मागतो आणि दारूत घालवतो. ‘मागेल त्याला दे’ असं येशूनंच सांगितलंय ना?

सांगितलंय. पण काय द्यायचं, हे मागणाऱ्याच्या गरजेवरून ठरवा, त्याच्या मागणीवरून नको. रोख रक्कम देऊ नका. पोरांची शाळेची फी शाळेत भरा, किराणा भरून द्या, व्यसनमुक्ती केंद्रात त्याच्याबरोबर जा. ‘ज्याला काम करायची इच्छा नाही त्यानं खाऊही नये’ हे पौलाचं वाक्य (२ थेस्सलनीकाकरांस ३:१०) लोक अशा वेळी फार हौसेनं काढतात. तिथे इच्छेवर जोर आहे. ज्याला काम मिळत नाही किंवा ज्याचं शरीर साथ देत नाही, त्याच्यावर ते फेकून मारू नका.

आणि जे द्याल, ते परत येणार नाही असं धरूनच द्या. तेवढं झेपत नसेल, तर कमी द्या. दिलेल्या पैशाचा हिशोब प्रत्येक लग्नात आणि बारशात काढत राहिलात, तर नातं जातं आणि पैसेही येत नाहीत.

मिरज जंक्शनवर भीक मागणाऱ्या मुलांबद्दलही असंच विचारतात. पोराला खायला द्या, पण एकटं किंवा भेदरलेलं दिसलं तर १०९८ ला कळवा. ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

९. मदत वाटतानाचे फोटो स्टेटसला ठेवले तर इतरांनाही प्रेरणा मिळते. मग वाईट काय?

घेणाऱ्याचा चेहरा. किटची पिशवी हातात धरून उभी राहिलेली बाई उद्या त्याच गल्लीत राहणार आहे, तिची मुलं त्याच शाळेत जाणार आहेत. तिला नको म्हणायची सोय नसते, कारण पिशवी तुमच्या हातात असते. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, असं मत्तय ६ मध्ये आहे. देणगीदारांना हिशोब द्यायचा असेल, तर पावत्यांचा आणि सामानाचा फोटो पाठवा.

२०१९ च्या पुरानंतर बाहेरून ट्रक भरभरून कपडे आले. त्यातले किती अंगात घालण्यासारखे होते, हे ज्यांनी ढीग निवडले त्यांना विचारा. लोकांना हवे होते फिनेल, झाडू, सुकी अंथरुणं, पाण्याचे कॅन, मुलांची वह्या-पुस्तकं, आणि घरातला चिखल उपसायला चार हात. पाठवण्याआधी एक फोन करून ‘काय लागतंय?’ एवढं विचारणं पुरेसं होतं. यापोकर दुर्कस विधवांसाठी अंगरखे शिवायची (प्रेषितांची कृत्ये ९). शिवायचं म्हणजे माप घ्यावं लागतं.

१०. लोक तोंडावर म्हणतात, ‘तुमची मदत म्हणजे धर्मांतराचं आमिष.’ काय उत्तर द्यायचं?

आधी स्वतःला विचारायचं की यात काही तथ्य आहे का. मदतीच्या बदल्यात उपासनेला येण्याची अट असेल, नंतर ‘एवढं केलं तरी आला नाहीत’ असं बोललं जात असेल, तर तो माणूस खरं बोलतोय. तो व्यवहार झाला. लूक १७ मध्ये येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यातला एकच परत आला, तोही शोमरोनी. उरलेल्या नऊ जणांचं दुखणं येशूनं परत आणलं नाही.

आमच्या मते नियम साधे असावेत. मदत आणि सुवार्ता यांच्यात अट नसावी. गरज संपल्यावरही ओळख राहावी. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची असेल, तर ‘करू का?’ असं विचारावं, आणि तो नको म्हणाला तर मनात करावी. कुणी आपणहून विचारलं की हे सगळं तुम्ही का करता, तर ख्रिस्ताचं नाव लपवू नये. ते लपवणंही अप्रामाणिकपणाच.

मिरजेनं हे पाहिलेलं आहे. डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू झालं. सांगलीतल्या वानलेसवाडीला आजही त्यांचंच नाव आहे. या भागात पिढ्यानपिढ्या सगळ्या जातिधर्मांची माणसं ‘मिशन दवाखान्यात’ गेली, बरी झाली आणि आपापल्या देवाला नवस फेडायला परतली. तरी दवाखान्याचं दार बंद झालं नाही. कुणी आमिषाचा आरोप केला, तर वाद घालू नका. मदत तशीच चालू ठेवा आणि हिशोब उघडा ठेवा.

११. सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर आहेत. मी थकले आहे, चिडते, मग रडते. माझ्यात ममता नाही का?

ताई, आहे. थकवा वेगळा. १ राजे १९ मध्ये एलिया संदेष्टा मरण मागायला लागला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. मार्क ६ मध्ये येशू शिष्यांना एकांतात चला आणि जरा विसावा घ्या म्हणतो, कारण लोकांच्या येण्याजाण्यामुळे त्यांना जेवायलाही सवड नव्हती.

या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्या नवऱ्यानं, दिरानं, नणंदेनं आणि मंडळीनं द्यायचं आहे. आई त्यांची आहे. रात्रीच्या पाळ्या लावा. महिला मंडळानं आठवड्यातून दोन दुपारी येऊन बसावं आणि तुम्हाला घराबाहेर पाठवावं. भेटीला येताना सफरचंदं आणून ‘किती करता हो तुम्ही’ म्हणणाऱ्यांपेक्षा चादर बदलायला हात लावणारी एक बाई बरी.

१२. नवरा मारतो. माहेरचे आणि मंडळीतले वडीलधारे म्हणतात, ‘ममतेनं सोस, तुझ्या प्रार्थनेनं तो बदलेल.’

हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो शास्त्राच्या नावानं दिला जातो याचा आम्हाला राग येतो. प्रश्न १ मध्ये म्हटलं तसं, ममतेची जबाबदारी ज्याच्या हातात सत्ता असते त्याच्यावर आधी येते. इथे ती नवऱ्यावर आहे. मार खाणारीला ममतेचा पाठ शिकवणं म्हणजे ओझं चुकीच्या डोक्यावर ठेवणं.

जिवावर उठलेल्या शौल राजाला दावीदानं दोनदा जिवंत सोडलं. शौल रडला, ‘बाळा, परत ये, आता मी तुला काही करणार नाही’ म्हणाला. दावीदानं त्याचा भाला त्याला परत दिला, सूड घेतला नाही, पण त्याच्या घरी परत गेला नाही (१ शमुवेल २४ आणि २६). क्षमा करणं आणि त्याच छताखाली राहणं यांत एवढं अंतर असू शकतं.

लगेच धोका असेल तर ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. त्यांच्यामार्फत न्यायालयाकडून संरक्षणाचा आणि घरात राहण्याच्या हक्काचा आदेश मागता येतो. पाळकसाहेबांनी घरी जाऊन दोघांना समोरासमोर बसवू नये. त्या रात्री तिचं काय होतं, ते बघायला ते तिथे नसतात.

१३. भावकीशी बांधाचा वाद कोर्टात आहे. त्यांच्या विहिरीची मोटर जळाली आणि ते पाणी मागतायत. द्यावं का? उद्या त्यावरच हक्क सांगितला तर?

द्यावं. निर्गम २३:४-५ अगदी अशाच प्रसंगासाठी आहे. वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकताना दिसलं तर त्याच्याकडे पोचवावं, त्याचं गाढव ओझ्याखाली बसलं तर त्याला हात द्यावा. तिथे वैर मिटवून मग मदत करा असं म्हटलेलं नाही. वाद असताना करायचं आहे. दुभत्या म्हशीला आणि उभ्या पिकाला बांध कुणाचा हे कळत नाही.

दावा मागे घ्यायची गरज नाही. खटला चालू राहू दे, तारखेला जा, खरं तेच सांगा. समोर दिसलात तर रामराम करा, त्यांच्या पोरांवर राग काढू नका.

हक्काच्या भीतीबद्दल: तुमच्या परवानगीनं झालेल्या वापरातून वहिवाटीचा हक्क तयार होत नाही. त्यासाठी वीस वर्षं अखंड, हक्क म्हणून केलेला वापर लागतो. तरी मनात धाकधूक नको म्हणून गावातल्या दोन माणसांसमोर साध्या कागदावर लिहून घ्या, की मोटर दुरुस्त होईपर्यंत अमुक विहिरीचं पाणी परवानगीनं दिलं आहे. दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत वकिलांना द्या. मग पाइप जोडायला तुमचाच गडी पाठवा, म्हणजे त्यांना तुमच्या रानात उतरताना चोरट्यासारखं वाटणार नाही.